बोर्ड पुसताना मुंग्या येतात म्हणे

आई फोनवर बोलता बोलता सहज म्हणाली, "अरे माजघरातला स्विचचा बोर्ड पुसताना बोटांना मुंग्या येतात हल्ली, पावसाळ्यातच येतात, एरवी काय नाही." आणि लगेच शेजारच्या काकूंच्या नातवाच्या बारशावर गेली. मी इकडं पुण्यात हातातला चहा तसाच धरून बसलो. म्हणलं आई, मागं जा जरा, मुंग्या म्हणजे? तर म्हणे अरे रबरी चपला घातल्या की येत नाहीत, म्हणून मी चपला घालून पुसते, तू कशाला काळजी करतोस. म्हणजे आमच्या घरात हा प्रॉब्लेम ऑलरेडी सोडवलेला होता. चपला घालून.

घर सांगलीत गावभागात. आजोबांनी १९६२ ला बांधलेलं. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी) तेव्हा आमच्या माजघरात छातीपर्यंत पाणी होतं, सगळे सॉकेट दोन दिवस पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी केलं तेच आम्ही पण केलं, बोर्ड उघडून वाळवले, जे चालले ते ठेवले, जे गेले ते बदलले, आणि लाईट आली या आनंदात पुढं काही बघितलंच नाही. भिंतींनी तेव्हापासून जी ओल धरलीय ती काही जात नाही, दर पावसाळ्यात पोपडे येतात.

तर मे महिन्यात सुट्टी काढून गेलो, की यावेळी सगळं घर नव्यानं वायरिंग करायचं. आमचे एक वायरमन मामा आहेत, साठीच्या पुढचे, लहानपणापासून आमच्या घरचं काम तेच करतात. मामांनी पहिल्यांदा टेस्टर काढला आणि माजघरातल्या बोर्डाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला लावला. पेटला. म्हणाले "ओल हाय, इंडक्शननं पेटतोय, कधीकधी पेटतंय तसं." आणि हे खोटं नाही, टेस्टरचा निऑन दिवा इतक्या कमी करंटवर पेटतो की शेजारून फेजची (करंट आणणारी) वायर गेली तरी मिणमिणतो. म्हणून मग मामांचा टेस्ट लॅम्प काढला, होल्डर आणि दोन वायरी आणि १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब, हल्ली सहज मिळत नाही म्हणून मामा तो फडक्यात गुंडाळून ठेवतात. एक टोक न्यूट्रलला (परतीच्या वायरीला), एक टोक स्क्रूला. बल्ब लख्ख पेटला. १०० वॉटचा बल्ब पेटायला ०.४३ अँपिअर लागतात, तेवढं इंडक्शननं कुठून येणार. मामा गप्प. मी गप्प. आई स्वयंपाकघरातून, "काय झालं रे, लाईट गेली का?"

मेन बंद करून बोर्ड उघडला. १९८६ साली खालच्या मजल्याचं वायरिंग भिंतीतून केलं होतं तेव्हाचा लोखंडी पत्र्याचा बॉक्स, वर हायलमची (करंट न नेणारी) शीट, चार कोपऱ्यांना चार उघडे स्क्रू. पुराच्या पाण्यानं बॉक्सचा तळ गंजून पापुद्रे सुटलेले, आणि शीट बसवताना फेजची लाल वायर बॉक्सच्या कडेत चिमटलेली, तिथं इन्सुलेशन कापलं जाऊन तांबं थेट पत्र्याला टेकलेलं. म्हणजे तो बॉक्स, त्याचे स्क्रू, सगळं २३० व्होल्टवर बसलेलं होतं. कधीपासून काय माहीत. पूर आल्यानंतर घाईत बसवलेली शीट असणार, म्हणजे मीच बसवलेली असण्याची शक्यता आहे, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

आता गंमत अशी की फेज लोखंडाला टेकल्यावर काहीतरी व्हायला पाहिजे ना, फ्यूज उडायला पाहिजे, एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पडायला पाहिजे. काहीच झालं नाही, कारण त्या बॉक्सला परत जायला रस्ताच नव्हता. विटेच्या भिंतीत एक लोखंडी डबा २३० व्होल्टवर निवांत बसलेला, कुणाला पत्ता नाही, मीटरला पण नाही. उन्हाळ्यात आई कोरड्या फरशीवर उभी राहून पुसायची, काही नाही. पावसाळ्यात भिंत ओली, फरशी ओली, फडकं ओलं, की आईतून थोडासा करंट जमिनीत जायचा. साधारण १ मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात माणसाला. ३० च्या पुढं गेलं की हृदयावर येऊ शकतं. मधलं अंतर किती, तर चपलेएवढं.

मग मी म्हणलं की मामा, या वेळेला प्रत्येक लोखंडी बॉक्सला हिरवी वायर लावायची, म्हणजे अर्थची, चुकार करंट जमिनीत नेणारी. तिथून वाद सुरू झाला.

मामांचं म्हणणं, आता मॉड्यूलर येतंय, प्लेट प्लास्टिकची, स्विच प्लास्टिकचे, स्क्रूवर सुद्धा प्लास्टिकचं कव्हर बसतं, लोखंडाला हात लागतोय कुठं? सॉकेटच्या मोठ्या पिनला अर्थ दिला म्हणजे झालं. "बॉक्सला अर्थिंग म्हणजे पायताणाला पायताण घातल्यागत हाय." आणि खरं सांगू का, मामा एकटे नाहीत, मी नंतर चार ठिकाणी चालू कामं जाऊन बघितली, तीन ठिकाणी बॉक्समधला अर्थचा स्क्रू कोराच होता, एका ठिकाणी त्याच्यात सिमेंट भरलेलं.

पण मामांचं अर्धं बरोबर आहे आणि तेवढ्यासाठीच हा ब्लॉग लिहायला घेतलाय. पूर्वी जिथं लोखंडी पाईपमधून वायरिंग असायचं तिथं पाईप बॉक्सला घट्ट आटलेला असायचा, पाईपच अर्थला जोडलेला, त्यामुळं बॉक्सला वेगळी वायर लागायची नाही, तो आपोआप अर्थ झालेला असायचा. नंतर पीव्हीसी पाईप आले आणि प्रत्येक बॉक्स भिंतीत एकटा पडला. पाईप प्लास्टिकचा, तो करंट नेत नाही. आता कुणाला वाटेल की सॉकेटला अर्थ आहे आणि सॉकेट बॉक्सला स्क्रूनं बसवलंय म्हणजे बॉक्सला पण मिळालाच की. आपल्याकडच्या मॉड्यूलरमधे सॉकेट बसतं प्लास्टिकच्या फ्रेममधे, कट्कन, आणि स्क्रू जातात त्या फ्रेममधून. सॉकेटची अर्थची पिन आणि बॉक्सचं लोखंड यांच्यात धातूचा कुठलाही दुवा नाही. हे मी मल्टिमीटर लावून मामांना दाखवलं, एक टोक अर्थच्या पिनमधे एक टोक बॉक्सला, मीटर ढिम्म. बीप नाही काही नाही. मामा म्हणाले "तुझं मीटर खराब असंल." मग त्यांनी स्वतःचं आणलं. मग चहा झाला.

आणि हात लागत नाही म्हणजे काय? आईचा हात लागत होताच की. कव्हर निघतं, पोरं काढतात, रंगवाला काढतो आणि परत लावत नाही. आणि ओल्या भिंतीत बॉक्स करंटवर आला की आजूबाजूचा गिलावा पण थोडा थोडा येतो, त्याला काय प्लास्टिकचं कव्हर घालणार.

बरं मग प्लास्टिकचेच बॉक्स का नाही, हा प्रश्न मला पण पडला, आणि आमच्यासारख्या पुराच्या घरात त्याला अर्थ आहे (इथं मी कोटी करत नाहीये). गंजत नाहीत, त्यांना अर्थिंग लागत नाही. मामांची तक्रार एवढीच की दोनचारदा प्लेट उघडली की आटे जातात आणि मग प्लेट लोंबते. शेवटी बाथरूमकडच्या ओल्या भिंतीत प्लास्टिकचे टाकले, बाकी जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे), कारण ते आधीच आणून पडले होते. अगदी शास्त्रोक्त कारण.

वायर लावायची पद्धत मात्र मी हट्टानं बदलून घेतली. नेहमी काय करतात, हिरवी वायर येते, सॉकेटच्या टर्मिनलमधे जाते, तिथूनच दुसरी निघून पुढच्या बोर्डाला जाते. म्हणजे मधलं एक सॉकेट कुणी बदलायला काढलं किंवा स्क्रू ढिला झाला की पुढचे सगळे बोर्ड अर्थशिवाय, आणि कळायला मार्ग नाही, कारण अर्थ गेला म्हणून पंखा बंद पडत नाही की दिवा मिणमिणत नाही. फेज गेली की पाच मिनिटांत सगळं घर ओरडतं. अर्थ गेलेला वीस वर्षं कळत नाही. म्हणून आम्ही हिरवी वायर न तोडता मधेच इंचभर सोलली, दुमडून थिंबलमधे (भोक असलेल्या धातूच्या टोपीत) दाबली आणि थिंबल बॉक्सच्या पितळी स्क्रूला, खाली दातेरी वायसर. तीच अखंड वायर पुढं सॉकेटला. साध्या पॉइंटला १.५ स्क्वेअर एमएमची आणि १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ ची, म्हणजे फेजएवढीच. मामांच्या भाषेत तीन-बावीस आणि तीन-वीस, ते अजून गेजमधेच बोलतात. काही बॉक्सना पितळी स्क्रू नव्हताच, नुसतं भोक, तिथं नट-बोल्ट मारला. आणि गवंड्यानं गिलावा करायच्या आधी सगळ्या बॉक्समधे पेपरचे बोळे कोंबले, नाहीतर आटे सिमेंटनं भरतात. हे आईनं सुचवलं, घरात रद्दीला तोटा नाही. बोर्ड सगळे पाच फुटांवर घेतले, २०१९ ची खूण अजून भिंतीवर आहे तिच्या वर. दिसायला विचित्र दिसतं, पाहुणे विचारतात.

जुनं उचकटताना अजून दोन गोष्टी सापडल्या त्या सांगायलाच पाहिजेत.

एक म्हणजे फ्रिजचं सॉकेट. तीन पिनचं, दिसायला व्यवस्थित, मीटरवर फेज ते अर्थ २३० व्होल्ट अगदी छान. उघडलं तर अर्थच्या पिनला दोन इंचाची वायर आणि ती न्यूट्रलला जोडलेली. मागं कुणीतरी (मामा नाहीत, मामा शपथ घेतात) फ्रिजच्या बॉडीला करंट येतो म्हणून केलेला जुगाड. आणि त्यानं करंट यायचा बंद होतो, हे खरंय! पण आमच्या जुन्या मेनबोर्डात किटकॅट फ्यूज दोन होते, एक फेजला एक न्यूट्रलला, तेव्हा तशीच पद्धत होती. आता समजा न्यूट्रलचा फ्यूज उडाला. फेज फ्रिजमधून, दिव्यांमधून फिरून न्यूट्रलच्या वायरीवर येणार आणि तिथून त्या दोन इंचाच्या तुकड्यातून सरळ फ्रिजच्या दरवाज्यावर. घरात अंधार, फ्रिज बंद, आणि बंद फ्रिजचं हँडल २३० व्होल्टवर. अंधारात माणूस पहिल्यांदा काय करतो, फ्रिज बंद पडला का बघायला हँडलला हात लावतो. असा तुकडा तुमच्याकडं असेल तर त्याची परीक्षा मीटरवर होत नाही, उघडूनच बघावं लागतं.

दुसरं, बाथरूमच्या गीझरचं अर्थिंग नळाच्या लोखंडी पाईपला क्लॅम्प मारून केलेलं होतं. त्या काळी चालायचं, नगरपालिकेची पाईप लांबवर जमिनीतून गेलेली असायची. पण मधे कधीतरी आम्ही प्लंबिंग बदललं, लोखंडी जाऊन प्लास्टिकचे पाईप आले, आणि क्लॅम्पवाला दोन फुटांचा लोखंडी तुकडा तेवढा भिंतीत शिल्लक राहिला. अर्थिंग त्या तुकड्यापर्यंत. प्लंबरला इलेक्ट्रिकचं माहीत नाही, वायरमनला प्लंबर कधी आला माहीत नाही.

आता एवढ्या सगळ्या हिरव्या वायरी एकत्र करून नेल्या कुठं, तर परसात तुळशीमागं जुना अर्थिंगचा खड्डा आहे तिथं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले खड्डा चांगला आहे, मी दर उन्हाळ्यात पाणी घालतो. आणि घालतात खरंच, चाळीस वर्षं. माझा एक मित्र पॉलिटेक्निकला शिकवतो, तो अर्थ टेस्टर घेऊन आला, एक वायर खड्ड्याच्या पाईपला, दोन सळ्या लांबवर जमिनीत ठोकायच्या, त्यातली एक शेजारच्यांच्या परसात ठोकावी लागली, त्यांना वाटलं जमीन मोजायला आले. रीडिंग ४१० ओहम. मित्र म्हणाला हे अर्थिंग नाही, हे कुंडीतलं झाड आहे. खणलं तर वर दिसणारा पाईप दीड फुटावर गंजून संपलेला. पाईपभोवती कोळसा आणि मीठ घालतात, मिठानं ओल टिकते, पण तेच मीठ पाईप खातं. अण्णा चाळीस वर्षं पाणी घालत होते ते नुसत्या मातीला.

नवीन खड्डा केला, ४० मिलीमीटरचा जीआय पाईप अडीच मीटर. मामा चार फुटांवर थांबायला बघत होते, ऊन फार होतं, पण अडीच मीटर म्हणजे अडीच मीटर. मिठाऐवजी बेंटोनाइटची पावडर घातली, ती ओल धरते आणि पाईप खात नाही. आमच्याकडं काळी माती, ओल धरायला उत्तम, फक्त मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाईपला सुटते, म्हणून मोजायचं तर मे मधेच मोजावं, तेव्हा जे येईल ते सगळ्यात वाईट. आलं ३.८ ओहम. मित्र खूश.

मी पण खूश होतो, मग रात्री हिशोब केला आणि झोप उडाली. आमच्या गल्लीत खांबावरून येतात दोनच वायरी, फेज आणि न्यूट्रल. अर्थ आपला आपण करायचा. म्हणजे फेज बॉक्सला टेकली तर करंट आमच्या खड्ड्यातून जमिनीत, जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्यात असा परत जाणार. आमचे ३.८ आणि तिकडचे एकदोन, धरा सहा ओहम. २३० भागिले ६, साधारण ३८ अँपिअर. आणि १६ अँपिअरची सी टाइपची एमसीबी तडकाफडकी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ३८ ला ती गरम होऊन पडणार, कदाचित मिनिटभरानं. तोपर्यंत बॉक्सवर शंभराच्या वर व्होल्ट. एवढा खड्डा खणून!

म्हणून आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला करंट ती मोजत राहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत सगळं बंद. मामा लगेच म्हणाले बघ, मग बॉक्सच्या अर्थिंगची कटकट कशाला, मशीन लावली की झालं. उलट आहे मामा. बॉक्सला अर्थ असेल तर वायर चिमटली त्याच क्षणी आरसीसीबी पडते, हात लागायच्या आधी. अर्थ नसेल तर फरक पडणार कसा? कुणीतरी येऊन ओल्या फडक्यानं बोर्ड पुसेपर्यंत ती वाट बघत बसणार. तेव्हा पडेल, बहुतेक माणूस वाचेल पण, पण आईला टेस्ट लॅम्प म्हणून वापरायचं का? हे वाक्य मामांना लागलं. त्यानंतर त्यांनी एकही बॉक्स सोडला नाही, मी नसताना सुद्धा.

आणि मग सगळं जोडलं, चालू केलं, आणि संध्याकाळी सातला आरसीसीबी पडली. उचलली, चालली. आईनं मिक्सर लावला, पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास ठीक, मग पडली. शेजारी म्हणाले आमच्याकडं पण असंच होत होतं, वायरमननं काढून टाकली, आता काही त्रास नाही. आई माझ्याकडं बघतीय.

मेन बंद केलं, डीबीतल्या (मेन डब्यातल्या) न्यूट्रल एकेक करून सोडवल्या आणि प्रत्येक न्यूट्रल ते अर्थ मीटर लावलं. देवघराच्या सर्किटला बीप. बोर्ड उघडला तर प्लेटचा स्क्रू, मॉड्यूलरबरोबर येतात ते लांबलचक स्क्रू, बॉक्सच्या कानातून आरपार जाऊन मागच्या काळ्या वायरीत घुसलेला. न्यूट्रल स्क्रूला, स्क्रू बॉक्सला, बॉक्स अर्थला. न्यूट्रलवर दोनतीन व्होल्ट असतातच, संध्याकाळी गल्लीत लोड वाढला की जास्त, त्यामुळं सातचा मुहूर्त. बॉक्सला हिरवी वायर नसती तर हे कधीच कळलं नसतं. आणि अर्ध्या इंचाच्या फरकानं तोच स्क्रू लाल वायरीत घुसला असता. मामांनी स्वतः सगळे स्क्रू काढून कटरनं आखूड केले, न बोलता. तेव्हापासून आरसीसीबी पडलेली नाही, महिन्यातून एकदा आई तिचं टेस्टचं बटण दाबते, चतुर्थीला, म्हणजे विसरत नाही.

राहिली माडी. तिथं आजोबांच्या वेळची लाकडी पट्टी आहे, सागवानी बोर्ड, काळे गोल स्विच, आणि अण्णा त्याला हात लावू देत नाहीत. मी भिंत फोडायची भाषा काढली तर खुर्चीतून उठले पण नाहीत, म्हणाले "बोर्ड लाकडाचा आहे, बॉक्सच नाही, तुझी हिरवी वायर लावणार कशाला?" आणि याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पट्टीवरच्या जुन्या वायरी तेवढ्या बदलल्या, आणि इस्त्रीच्या एका तीन पिनसाठी हिरवी वायर पट्टीवरून क्लिपा मारत वर नेली. सागवानावर ती पोपटासारखी दिसते. अण्णा रोज एकदा तिच्याकडं बघून काहीतरी पुटपुटतात, परवा पॉलिशवाल्याला फोन केला होता म्हणे.